चादरीच्या कोपऱ्यातलं नाव

सोलापुरातल्या माझ्या शाळेतली बावीस मुलं घेऊन मी मुंबईला गेले होते, चित्रं दाखवायला. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, पहाटे उतरलो, स्टेशनवरच तोंडं धुतली आणि दिवसभर दालनं पालथी घातली. एका दालनात छतापासून जमिनीपर्यंत सुताचं एक मोठं काम टांगलेलं होतं. पांढरे-करडे धागे, मधेच मुद्दाम न विणता सोडलेला ताणा, म्हणजे उभे धागे, खाली लोंबणारी टोकं. मी मुलांना रचना, रिकामी जागा, पोत वगैरे सांगायच्या बेतात होते. तेवढ्यात नववीतली एक मुलगी मान तिरकी करून म्हणाली, "मॅडम, हे उजवीकडं ओढलंय बघा. ताण सारखा बसला न्हाई."

तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत, आई घरी विड्या वळते. शाळेतून आलं की ही पोर मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसते. तिला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं, आणि मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. मग तिनं शेजारची पाटी वाचली. कलाकाराचं नाव, साल, माध्यम: सूत. पुन्हा एकदा वाचली आणि विचारलं, "पण विणलं कुणी?"

तिथं उभ्या असलेल्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, कलाकारानं कुठल्यातरी विणकरांकडून करून घेतलंय. कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं.

तिच्या त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहायला बसले. सोलापूरला समकालीन कलेचं संग्रहालय हवं, असं माझं ठाम मत आहे. मात्र मुंबई-पुण्याची तयार प्रदर्शनं पेटीतून आणून टांगायची आणि पंधरा दिवसांनी परत पाठवायची, एवढ्यासाठी ते नको. कलाकारानं इथं येऊन महिनोन् महिने राहावं, मागावर बसणाऱ्या, नक्षीसाठी पुठ्ठ्याची कार्डं पाडणाऱ्या, रंगणी करणाऱ्या माणसांबरोबर काम करावं आणि जे तयार होईल त्याच्या पाटीवर त्या सगळ्यांची नावं लागावीत. तेवढं होणार नसेल तर नुसती इमारत बांधण्यात अर्थ नाही.

हे शहर कापडावर वाढलं. १८७७ मध्ये इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. भोंग्यावर घड्याळं लावणारी पिढी माझ्या वडिलांची. १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत इंग्रज सरकारला ज्यांची धास्ती वाटली त्या गर्दीत गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. त्या चौघांची नावं आपल्याला पाठ आहेत, त्यांचे पुतळे चौकात आहेत. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागांवर वसाहती उठल्या. उरला तो पूर्व भागातला आणि एमआयडीसीतला यंत्रमाग: तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा, चादरीचा आणि टॉवेलचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो आणि इथले माग भंगारात जातात.

चादर आपण रोज अंगावर घेतो, म्हणून तिच्याकडं नीट बघत नाही. मयूरपंखाची एखादी जुनी चादर घ्या आणि तिचा कोपरा उजेडात धरा. नक्षीत एकही धागा छापलेला नाही, सगळा विणलेला आहे. आधी चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरत, ती नक्षी कुणीतरी रंगवलेली असते. एका घराचा अर्थ एक धागा वर किंवा एक धागा खाली. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उचलला जातो. नसेल तिथं धागा खालीच राहतो. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. एका चादरीला अशी कार्डांची लांबच लांब माळ, दोरीनं ओवलेली, मागाच्या डोक्यावरून फिरत असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ल्यों शहरात जॅकार्ड नावाच्या माणसानं ही जुळणी केली. तिच्यावरूनच पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला भोकाची कार्डं लावायचं ठरवलं. संगणकाच्या पूर्वजांपैकी एक आपल्या साखर पेठेत आजही खडखड करतो आहे.

आणि त्याच चादरीच्या कोपऱ्यात एक नाव विणलेलं असतं. कारखान्याचं.

आता अमेरिकेतल्या एका गावाची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याशी विलक्षण जुळते. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं नॉर्थ ॲडम्स. तिथं १८६० च्या दशकापासून अर्नोल्ड प्रिंट वर्क्स नावाचा कापडावर छपाई करणारा प्रचंड कारखाना होता. तो १९४२ मध्ये थांबला, त्याच इमारतींत विजेचे सुटे भाग बनवणारी स्प्रेग कंपनी आली. अठरा हजारांच्या गावात चार हजारांवर माणसं तिथं कामाला होती. १९८५ मध्ये तीही बंद झाली. पुढं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको: दुकानं बसतात, तरणी पोरं गाव सोडतात, रिकाम्या शेडमधून कबुतरं. १९९९ मध्ये त्या इमारतींत समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं, मास मोका. विटांच्या भिंती आणि भली मोठी दालनं तशीच ठेवली. एखादं दालन एवढं लांब की फुटबॉलचं मैदान मावावं. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत जी कामं शिरूच शकत नाहीत, ती तिथं उभी राहू लागली. कलाकार येतो, काही महिने काम करतो, गावातले सुतार, वेल्डर, विद्यार्थी त्याच्या हाताखाली आणि बरोबरीनं राबतात. ॲन हॅमिल्टन या कलावतीनं तिथल्या सर्वांत मोठ्या दालनाच्या छताला यंत्रं लावली होती. त्यांतून पातळ कागद एकेक करून, महिनोन् महिने, खाली पडत राहिले. असं काम बंद कारखान्यातच सुचतं आणि तिथंच मावतं.

त्या संग्रहालयानं कारखान्याइतके रोजगार परत आणले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडं असा प्रस्ताव मांडला की लगेच कुणीतरी 'पर्यटनातून हजारो नोकऱ्या' असं लिहून टाकतं. तसं वचन देऊन काही सुरू केलं तर पाच वर्षांत लोक त्याच्याकडं फसवणूक म्हणून बघतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

पण त्याच ठिकाणी २००८ पासून सॉल लेविट या कलाकाराची १०५ भिंतीचित्रं तीन मजल्यांवर आहेत, आणि ती आपल्यासाठी फार मोलाची आहेत. लेविट आपली भिंतीचित्रं सहसा स्वतः काढत नसे. तो सूचना लिहायचा: भिंतीचे इतके भाग करा, इतक्या दिशांनी रेघा ओढा, असे रंग द्या. काढायचे ते दुसरे हात. ही चित्रं उभी राहण्याआधीच, २००७ मध्ये, लेविट वारला. साठाहून अधिक कलाकार आणि विद्यार्थ्यांनी सहा महिने खपून ती काढली. चौकटीच्या कागदावरची नक्षी आणि मागावरचा विणकर यांचं नातं हेच तर आहे. फरक एकच: लेविटच्या भिंतीचित्रांच्या नोंदीत प्रत्येक चित्र पहिल्यांदा कुणी काढलं त्यांची नावं लिहिलेली असतात. कल्पना कुणाची आणि हात कुणाचे, दोन्ही. लेविटचं मोठेपण त्यानं तसूभरही कमी झालं नाही.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात (ती इमारतही पूर्वी वीज केंद्रच) २०१० साली आय वेवे या चिनी कलाकारानं सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या होत्या. प्रत्येक बी चिनी मातीची, हातानं रंगवलेली. जिंगदेजेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावातल्या सोळाशे जणांनी ती करायला दोन वर्षांहून जास्त काळ घेतला. काम विलक्षण होतं, आणि त्या माणसांना रोजगार मिळाला ही गोष्टही आय वेवे यानं लपवली नाही. पण जगाच्या लक्षात एकच नाव आहे. सोळाशे ही फक्त संख्या राहिली. सोलापुरात असं घडू नये असं मला वाटतं, कारण इथं ते सहज घडू शकतं. आपल्याकडं कुशल हात स्वस्त आहेत, आणि बाहेरच्या कलाकाराला ते फार लवकर कळेल.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या मुलीच्या ओळखीनं एका म्हाताऱ्या कार्डवाल्याकडं गेले होते. आयुष्यभर चादरीची कार्डं पाडली त्यांनी. आता ते काम संगणकावर होतं, त्यामुळं हात रिकामे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. पाटावर एक जुनं कार्ड ठेवून ते बोटानं भोकं वाचत होते, आपण ओळ वाचतो तसं, डावीकडून उजवीकडं. "हितं मोराचा डोळा सुरू होतंय," म्हणाले. मला तिथं भोकांखेरीज काही दिसेना. त्यांनी पुढची आठ-दहा कार्डं एकाखाली एक लावली, आणि तेव्हा कुठं भोकांच्या रांगांतून तो गोल हळूहळू वर आला. मी विचारलं, तुमची कुठली नक्षी आहे हे लोकांना माहीत आहे का? ते म्हणाले, "नाव मालकाचंच असतंय की मॅडम. आमचं कशाला पाहिजे?" तक्रार म्हणून बोलले नाहीत. मला मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकू येत राहिलं.

आता आक्षेपांकडं येते. पहिला आणि सगळ्यांत मोठा आक्षेप पाण्याचा. ज्या शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं संग्रहालयाची भाषा कशी करता? हा प्रश्न मला कुणी विचारला की राग येत नाही, कारण घागरी भरायला मध्यरात्री उठणारी मीही आहे. उजनीचं पाणी रोज मिळालं पाहिजे, ते आधी, आणि त्याच्या निधीतला एक रुपयाही इकडं वळवू नये. पण शहराच्या हिशेबात सुशोभीकरण, कारंजी, पुतळे, चौकातली रोषणाई यांच्यासाठी पैसा निघतोच. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं, महापालिकेच्या इंद्रभुवनसारख्या देखण्या इमारतीची दुरुस्ती झाली. तिच्याकडं बघून आजही अभिमान वाटतो. म्हणजे हे शहर मनावर घेतलं तर जुन्या वास्तूला जीव देऊ शकतं. मी मागते आहे ती रक्कम पाण्याच्या खात्यातली नाही, शोभेच्या खात्यातली आहे.

पालिकेनं कलेच्या भानगडीत पडावं का, असंही विचारतात. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुंबई महापालिकेचंच आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. शतकभरात त्याची पार रया गेली होती. २००३ मध्ये महापालिकेनं खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी इंटॅक ही संस्था यांच्याबरोबर करार केला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. पण नुसतं रंगवून ते थांबले नाहीत. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या कलाकारांना त्यांनी बोलावलं आणि सांगितलं, इथल्या संग्रहाकडं बघा, त्याला उत्तर म्हणून काहीतरी करा. जुन्या काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि कारागिरांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. त्यांच्याच शेजारी आजचं काम उभं राहिलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या कपाटांसमोर दीड तास होते. राणीची बाग बघायला आलेली खेड्यापाड्यांतली माणसंही आत येतात, मातीच्या मूर्तीत आपला धंदा शोधतात आणि पलीकडचं नवं कामही बघतात.

'आपल्या लोकांना हे कळणार नाही' हा आक्षेप मात्र मला मान्यच नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा मिरवणुकीत चालत्या गाडीवर हातमाग चालतो, गर्दीच्या डोळ्यांदेखत वस्त्र विणलं जातं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यांवरून शहरभर फिरतात. ती उंच काठी तोल सांभाळत वळणावर झुकते तेव्हा हजारो माणसांचा श्वास एकदम अडकतो. वस्तू, शरीर, जागा आणि बघणारा यांच्यात काय घडतं, हे ज्या शहराला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, त्याला समकालीन कला कळणार नाही असं म्हणणं हा त्या शहराचा अपमान आहे. कठीण जातं ते पाटीवरचं भाषण. म्हणून पाट्या मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत हव्यात, आणि साध्या हव्यात. २००८ च्या सुमारास चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी समकालीन भारतीय कलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून नेलं होतं. मोठ्या शहरांपलीकडचा प्रेक्षक बघायला येतो, हा विश्वास आपल्याच एका चित्रकारानं तेव्हा दाखवला होता.

चित्रकार हुसेन यांचं नाव इथं टाळता येत नाही. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यातला. त्यांची 'ग्रामयात्रा' २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेली. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले, आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय दोहात. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना त्यांचं एक मूळ चित्र बघायला कुठं जावं लागतं, याचा विचार करा. मुंबई शेअर बाजारासमोरचा बैल घडवणारे भगवान रामपुरे सोलापूरचे. घडवणारी माणसं इथं निपजतात. जागा मिळत नाही ती त्यांच्या कामाला.

जागेची आजची स्थिती मला चांगली ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन आम्ही एकदा एका सभागृहात भरवलं. भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती, म्हणून चित्रं खुर्च्यांच्या पाठींना टेकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी सांगण्यात आलं की संध्याकाळपासून साड्यांचा सेल आहे, आवरा. एका मुलाचं जलरंगातलं चित्र त्या घाईत दुमडलं. ते त्यानं अजून तसंच जपून ठेवलंय, मधोमध घडी असलेलं.

तर कसं असावं हे संग्रहालय? नवी काचेची इमारत नको. पूर्व भागात किंवा एमआयडीसीत बंद पडलेली एखादी मागशेड घ्यावी. जुन्या गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असायची, काचेचा भाग उत्तरेला. विणकराला धाग्याचा रंग दिवसभर सारखा दिसावा म्हणून ती युक्ती. चित्रकारही स्टुडिओला उत्तरेचाच उजेड मागतो. तशी शेड कुठं शिल्लक असेल तर पाडण्याआधी तिच्याकडं एकदा बघा. मात्र जुनं कापड आणि कागद ठेवायची खोली वेगळी हवी, तिथं उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आत, म्हणजे मंदच हवा, हवेतला ओलावा सांभाळलेला हवा, कारण सोलापूरचा उन्हाळा सुताला खाऊन टाकतो. खरा खर्च पगारांचा आहे. उद्घाटनाला पैसा मिळतो. कपाट पुसणाऱ्या, मुलांना फिरवून दाखवणाऱ्या, कलाकाराच्या कामाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या चार-पाच शिकलेल्या माणसांना दरमहा पगार द्यायला मिळत नाही, आणि मग कुलूप लागतं. कोचीच्या बिएनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाला, देशात मोठा मान आहे, तिथंही २०२२ मध्ये मुख्य प्रदर्शन ऐन वेळी बारा डिसेंबरवरून तेवीसवर ढकलावं लागलं. कल्पना कितीही मोठी असो, व्यवस्था कच्ची राहिली की कलाकार आणि मजूर दोघंही भरडतात.

म्हणून सुरुवात लहान असू द्या. वर्षाला दोन कलाकार, प्रत्येकी चार महिने. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या विणकराला, कांडीवालीला, रंगाऱ्याला मागावर मिळते तेवढी मजुरी तर हवीच, वर त्या चार महिन्यांत बुडणाऱ्या कामाची भरपाई हवी. हे करारात लिहिलेलं हवं, कुणाच्या मर्जीवर नको. सोमवारी बंद हा मोठ्या शहरांचा शिरस्ता इथं नको. मागांना सुट्टी असते त्या दिवशी दार उघडं हवं, आणि विडी देऊन परतणाऱ्या बायकांना येता यावं म्हणून रात्री नऊपर्यंत.

पहिला प्रकल्प कोणता, हेही माझ्या मनात ठरलेलं आहे. त्या म्हाताऱ्या कार्डवाल्यांच्या माळ्यावर कार्डांचे तीस-चाळीस गठ्ठे पडले आहेत, सुतळीनं बांधलेले, प्रत्येकावर तेलुगूत खडूनं खूण. कुठल्या गठ्ठ्यात कुठली नक्षी, ती कुणी काढली, कुठल्या मागावर चढली, हे फक्त त्यांना सांगता येतं. एखाद्या तरुण कलाकारानं त्यांच्याशेजारी बसून ते गठ्ठे उघडावेत, एका जुन्या मागावर ती कार्डं पुन्हा चढवावीत आणि चादरीच्या कोपऱ्यात, जिथं कारखान्याचं नाव येतं, तिथं यावेळी नक्षी काढणाऱ्याचं आणि कार्ड पाडणाऱ्याचं नाव विणावं. नव्या नावासाठी नवी कार्डं पाडावी लागतील. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, हात अजून चालतात. माळ्यावरचा पत्रा मात्र दोन ठिकाणी गळतो, आणि मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत.